सुई फिरली तो दगड

भूशास्त्राच्या वर्गात मी एकटीच मुलगी होते, आणि ही गोष्ट माझ्यापेक्षा इतरांनाच जास्त जड जात होती. पन्नासच्या दशकातली गोष्ट. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी प्रत्येकाला एक मुलूख पायी फिरून त्याचा भूशास्त्रीय नकाशा करून द्यावा लागे. कुठे कोणता दगड आहे, एक थर कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, हे सगळं पायाखाली घालायचं आणि कागदावर उतरवायचं. मुलांची छावणी बारामतीजवळ, पिंपळीच्या बाजूला पडणार होती. तंबू, आचारी, पत्ते, गाणी, सगळा थाट. त्या छावणीत मला कुठे ठेवायचं यावर विभागात बरीच खलबतं झाली म्हणे. शेवटी सरांनी तोडगा काढला. मला इंदापूर तालुक्यातला निरवांगीकडचा तुकडा वेगळा द्यायचा, तोही घरचं कुणी मोठं माणूस सोबत असेल तरच. वडिलांनी माझ्याबरोबर आत्याला धाडलं.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. ऐन विशीत नवरा गेला तेव्हापासून ती आमच्याच घरी होती. दगडांत तिला काडीचा रस नव्हता, पण पुण्याबाहेर पडायला मिळतंय म्हटल्यावर तिने दुपारच्या आत ट्रंक भरून ठेवली. ‘‘तुझे धोंडे तू बघ, मी माणसं बघते,’’ असं तिने मला गाडीत बसतानाच सांगून टाकलं.

दौंडहून बारामतीपर्यंत छोटी गाडी, तिथून धुरळा उडवत एसटी आणि शेवटचा टप्पा बैलगाडीने. कालव्याच्या खाली थेट नीरेपर्यंत ऊस आणि भाजीपाला, सगळं हिरवंगार आणि डासांनी भरलेलं. कालव्याच्या वर मात्र माळ. पाट ओलांडला की गवतसुद्धा रंग बदलायचं. मला नकाशा करायचा होता तो या माळाचा.

आमची सोय कालव्याकाठच्या एका वस्तीवर झाली होती. माळवदाचं घर, पुढे गोठा, मागे वांग्याचे आणि मिरचीचे वाफे. घरात तीन माणसं. सासू, तिची विधवा सून आणि सासूचा धाकटा मुलगा. हा मुलगा दिवसभर मळ्यात नाहीतर भाजीची गाडी घेऊन बाजारात असायचा, तो दिवेलागणीलाच दिसायचा.

या घरात काहीतरी बिनसलेलं आहे हे पहिल्या संध्याकाळीच लक्षात आलं. सासूला सुनेला काही सांगायचं असलं की ती म्हशीला सांगायची. ‘‘म्हशे, पानी तापलंय म्हनावं.’’ ‘‘म्हशे, पाव्हण्यांस्नी ताक द्या म्हनावं.’’ सून निमूटपणे उठून ते काम करायची. म्हैस रवंथ करत दोघींकडे बघत राहायची. मला आधी हसू आलं. मग ते हसू आवरलं, कारण सुनेचंही काहीतरी विचित्र होतं. ती मुकी नव्हती. जवळ बसून, तोंडाकडे बघून विचारलं तर हलक्या आवाजात नीट उत्तर द्यायची. पण लांबच्या माणसाला ती हाक म्हणून मारायची नाही. दिराला मळ्यातून जेवायला बोलवायचं तर दारात उभी राहून पितळी थाळी वाजवायची. त्या थाळीचा आवाज तिन्हीसांजेला उसाच्या फडावरून जायचा तेव्हा माझ्या अंगावर काटा यायचा.

‘‘हिचा आवाज गेलाय का गं?’’ मी आत्याला विचारलं.

‘‘आवाज नाही गेला. दुसरं काही गेलं असेल,’’ आत्या म्हणाली. ‘‘कळेल.’’

भूशास्त्र शिकणाऱ्याला माळ आवडतो. माती नाही, झाडी नाही, दगड आपला उघडा पडलेला. लाव्ह्याचे थर एकावर एक, आणि दोन थरांच्या मधे कुठेकुठे विटकरी मातीचा पट्टा. मी हे सगळं पुस्तकात वाचलं होतं, पण हाताखाली यायला लागलं तेव्हा मी अक्षरशः आनंदाने वेडी झाले. या माळाच्या मधोमध एक डाइक होती. जमिनीला भेग पडते, खालचा लाव्हा तीत चढतो आणि तिथेच थिजतो. पुढे भोवतालचा मऊ दगड झिजून जातो आणि हा थिजलेला लाव्हा दगडी भिंतीसारखा उभा राहतो. गावातले लोक तिला नुसतं ‘भिंत’च म्हणायचे. कुणी बांधली असं विचारलं की विषय बदलायचे. उसाचं, पाटाच्या पाळीचं, निघू घातलेल्या साखर कारखान्याचं बोलायला लागायचे.

आत्या भिंतीच्या सावलीत छत्री उघडून वाती वळत बसायची आणि मी आसपास ठोकाठोकी करत फिरायचे.

माळावर दुपारी एक वेळ अशी येते की वारा पडतो. पाखरू बोलत नाही. लांब कालव्यावरचा रहाटसुद्धा थांबतो. पहिल्याच दिवशी, सोमवारी, त्या वेळेला मी भिंतीच्या कडेला बसून नमुना फोडत होते. टण, टण, टण. थांबले, तर भिंतीपलीकडून टण, टण, टण. प्रतिध्वनी म्हणून मी सोडून दिलं. पुन्हा दोन ठोके मारले. पलीकडून दोन आले. मग मला काय सुचलं कोण जाणे, मी हातोडा उचलला आणि मारलाच नाही.

पलीकडून एक ठोका आला.

मी धावत वळसा घालून गेले. पलीकडचा माळ नजर पोचेल तिथपर्यंत मोकळा होता. दडायला एक झुडूप नव्हतं. तापलेल्या हवेत जमीन नुसती थरथरत होती. परत आले तर आत्याच्या हातातली वात अर्धवट राहिली होती.

‘‘ऐकलंस?’’ मी विचारलं.

‘‘ऐकलं. चल, जेवून घेऊ,’’ एवढंच ती म्हणाली. त्या दिवशी तिने डबा भिंतीपासून लांब नेऊन भर उन्हात उघडला.

दगड तापले की प्रसरण पावतात आणि कधीकधी त्यांचा आवाज होतो. हे मला तेव्हाही ठाऊक होतं आणि पुढे मी ते वर्गात शिकवलंही. पण तापलेला दगड ठोके मोजत नाही.

दोन दिवसांनी मी भिंतीच्या उंच टोकाला पोचले. तिथे बाजेएवढा एक सपाट काळा दगड जमिनीतून वर आला होता. त्याच्यावर एका खोबणीत नारळाची करवंटी ठेवलेली होती, आणि तिच्यात पाणी होतं. स्वच्छ, ताजं पाणी. पाण्यावर धुळीचा कणसुद्धा नव्हता. कालवा तिथून चांगला लांब होता. कुणी ठेवलं असेल, का ठेवलं असेल, असा विचार करत मी होकायंत्र काढलं आणि त्याच दगडावर टेकवलं.

आपण नकाशावर कुठे उभे आहोत हे काढायची एक साधी रीत असते. लांबच्या तीन ओळखीच्या खुणा धरायच्या. माझ्या होत्या देवळाचा कळस, कालव्यावरचा पूल आणि टेकडीवर मोजणीवाल्यांनी रचलेली दगडांची रास. होकायंत्राने प्रत्येक खुणेची दिशा घ्यायची आणि कागदावर तीन रेघा मारायच्या. तिन्ही जिथे भेटतात तिथे आपण. माझ्या तीन रेघा भेटल्याच नाहीत. दोन भेटल्या त्या पार खाली नीरेच्या पात्रात. नकाशाच्या हिशोबाने मी त्या क्षणी माळावर नव्हतेच. मी पाण्याखाली होते.

मी सुईकडे नीट पाहिलं. ती थरथरत होती. उत्तर सोडून ती भलतीकडेच तोंड करून उभी होती.

असं झालं की आधी स्वतःला तपासायचं असतं. हातोडा लांब ठेवला. केसांतले आकडे काढले. ‘‘आत्या, छत्री घेऊन लांब जा,’’ मी ओरडले. ‘‘तिच्या काड्या लोखंडी आहेत!’’ ‘‘माझ्या छत्रीने तुझं काय घोडं मारलंय?’’ असं पुटपुटत आत्या उन्हात जाऊन उभी राहिली. सुई तशीच. मी होकायंत्र उचलून थोडी बाजूला गेले, तर सुई शहाण्यासारखी उत्तरेला आली. दगडाजवळ नेली, पुन्हा फिरली. दगडाच्या या अंगाला ती एका बाजूला वळायची, त्या अंगाला गेलं की बरोब्बर उलट. मी दगडाभोवती रांगत फिरत होते आणि सुई सारखी माझ्या हातात वळत होती. मला खरंच भीती वाटली, उगाच कशाला लपवू? मी करवंटीला धक्का न लावता सामान गोळा केलं आणि त्या दिवसापुरतं काम थांबवलं.

संध्याकाळी ओसरीवर आत्याने मला गोष्ट सांगितली. ती पाटावर धुणं धुताना शेजारच्या वस्तीवरच्या बायकांकडून तिला कळली होती.

त्या दगडावरच सुनेचा नवरा मेला होता. काही वर्षं झाली होती त्याला. वैशाखातला दिवस. तो शेरडं घेऊन माळाकडे निघाला आणि घोंगडी विसरला. सून दारात आली आणि तिने मागून हाक मारली, ‘‘अवं, घोंगडी ऱ्हायली!’’ तो हसत परत आला, घोंगडी खांद्यावर टाकली आणि गेला. संध्याकाळी शेरडं आली नाहीत. लोक शोधायला गेले तेव्हा तो त्या दगडावर आडवा पडलेला, आणि शेरडं त्याच्याभोवती कडं करून गप्प उभी. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. त्या दुपारी आभाळ गडगडलं होतं, पण वैशाखात ते रोजच गडगडतं. पावसाचा थेंब नाही, कुणी वीज पडताना पाहिली नाही. लोक म्हणाले, चकव्याने नेला. निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, ती हाक चकवा उचलतो आणि माणसाच्या मागे लागतो, अशी तिथली समजूत. प्रेत घरी आणलं तेव्हा आईने एकच गोष्ट विचारली, निघताना याला मागून कुणी हाक मारली होती का?

‘‘ती गप्प बसली असती तरी चाललं असतं,’’ आत्या म्हणाली. ‘‘घरात दुसरं कुणी नव्हतं तेव्हा. पण तिने सांगितलं, मी मारली. तेव्हापासून सासू तिच्याशी बोलत नाही आणि ती कुणाला हाक मारत नाही. माहेरचे न्यायला आले होते, गेली नाही. सासू हाकलत नाही, ही जात नाही.’’

माझं डोकंच फिरलं. ‘‘हाकेने कधी माणूस मरतो का? काय हा अडाणीपणा!’’

‘‘तिला सांगून बघ,’’ आत्या शांतपणे म्हणाली. ‘‘मलाही सांगितलं होतं चांगल्या शिकलेल्या लोकांनी, की तुझ्या पायगुणाने तो गेला नाही म्हणून. पटायला हवं ना ते.’’ मग म्हणाली, ‘‘ती आज मला विचारत होती, तुमच्या पोरीला दगडाचं कळतं, तर माझ्या हाकेनं ते गेले का हे तिला कळेल का.’’

आत्या कधी स्वतःबद्दल बोलायची नाही. मी उठून कंदिलाची काच पुसायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सून शेरडं घेऊन माळावर आली होती. पहिल्यांदाच मी तिला तिथे पाहत होते. हातात दोन दगड घेऊन तिने ते एकमेकांवर आपटले. टण, टण. पांगलेली शेरडं तिच्याकडे वळली. माझ्या जिवात जीव आला. म्हणजे हीच होती तर!

‘‘सोमवारी दुपारी भिंतीपलीकडे तूच होतीस ना?’’ मी विचारलं. ‘‘मी हातोडा मारला की तू दगड वाजवत होतीस.’’

‘‘सोमवारी न्हाय, बाई. सोमवारी मी मिरची घिऊन बावड्याच्या बाजाराला गेलती.’’ मग ती माझ्याकडे बघतच राहिली. तिचा आवाज आणखी खाली गेला. ‘‘तुमाला बी ऐकू आलं?’’

मी मान हलवली.

‘‘मला वाटायचं, मलाच येतंय,’’ ती म्हणाली. तिने करवंटीतलं कालचं पाणी ओतून टाकलं, पदराखालच्या तांब्यातून नवं भरलं आणि शेरडं घेऊन पुढे गेली. मी किती तरी वेळ हातोडा न उचलता बसून राहिले.

आठवडा संपताना सर पिंपळीच्या छावणीतून माझं काम तपासायला आले. मी त्यांना ठोक्यांबद्दल चकार शब्द सांगितला नाही, वेडी ठरले असते. पण दगड दाखवला. त्यांनी माझं होकायंत्र घेतलं, मग स्वतःचं काढलं. दगडाभोवती हळूहळू एक फेरी मारली आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

‘‘वीज!’’ ते म्हणाले. ‘‘इथे वीज पडली आहे. या दगडात लोहाचे कण असतात. लाव्हा निवताना ते सगळे एका दिशेला लागून बसतात. वीज दगडातून गेली की तिच्या वाटेभोवतीचे कण क्षणात फिरतात आणि मग तसेच राहतात, कायमचे. बाहेरून दगडाला काही झालेलं दिसत नाही.’’

‘‘कधी पडली असेल, सर?’’

‘‘ते विचारू नकोस. पाच वर्षांपूर्वीची असेल, पाच हजार वर्षांपूर्वीची असेल. दगड दिवस सांगत नाही. नकाशावर इथे खूण कर आणि पुढच्या कामाला लाग.’’ त्यांना एसटी गाठायची होती, ते गेले.

सून थोड्या अंतरावर शेरडांपाशी उभी होती. ते दिसेनासे झाल्यावर ती जवळ आली. ‘‘वीज म्हनले का त्ये?’’

मी तिला सगळं सांगितलं, दिवस कळत नाही हेसुद्धा. ती ऐकता ऐकता खाली बसली आणि दगडावर तळहात ठेवून राहिली. दगड तापलेला होता, तरी तिने हात काढला नाही.

‘‘मला सांगून काय उपेग, बाई,’’ ती शेवटी म्हणाली. ‘‘त्यांस्नी सांगा.’’

संध्याकाळी गोठ्यात सासू धार काढत होती तिथे मी गेले. मी जमेल तेवढं सोपं करून सांगितलं. चरवीतला धारेचा आवाज थांबला नाही.

‘‘वीज पडली तर मानूस काळा पडतोय,’’ ती म्हणाली. ‘‘माझं लेकरू झोपल्यावानी हुतं. मी धुतलंय त्याला, ह्या हातांनी.’’

‘‘मावशी, तुम्ही एकदा माळावर चला. मी दाखवते.’’

‘‘त्या दगडाकडं मी कवा गेली न्हाय. जायाची न्हाय.’’

मी चिडून परत आले. माझ्याजवळ पुरावा होता, आणि ही बाई तो बघायला तयार नव्हती! आत्याने माझी बडबड ऐकून घेतली, पदर खोचला आणि गोठ्याकडे गेली. मीही मागे गेले. सासूकडे न बघता आत्या म्हशीसमोर उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, ‘‘म्हशी, आम्ही उद्या दुपारी त्या दगडापाशी आहोत म्हणावं. आणि तिथे कुणी कुणाशी बोललं नाही तरी चालेल म्हणावं.’’

सासूने वळून पाहिलं. ती हसली नाही, पण धार मात्र थांबली.

दुसऱ्या दिवशी वारा पडायच्या वेळेला ती आली. पाटावरून एकटीच काठी टेकत येताना लांबूनच दिसली. सून शेरडं घेऊन तिथेच होती. सासू दिसताच ती उठून बाजूला झाली आणि पाठ करून उभी राहिली. आत्याने आज आपण होऊन छत्री लांब ठेवली होती.

सासूने आधी करवंटी पाहिली. मग दगड पाहिला. मग खाली बसली.

मी होकायंत्र दगडापासून लांब, जमिनीवर ठेवलं. ‘‘मावशी, ही सुई कायम एकाच दिशेला बघते. कुठेही न्या, कधीही बघा.’’ मग ते हळूहळू दगडाजवळ आणलं. सुई थरथरली, कलली आणि वळली.

‘‘माझ्याकडं द्या,’’ सासू म्हणाली. तिने होकायंत्र दोन्ही हातांत धरलं, प्रसाद धरावा तसं, आणि बसल्या बसल्या दगडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत गेली. सुई तिच्या हातात फिरत होती. माळावर कुठे काही हलत नव्हतं. शेरडंसुद्धा चरायची थांबली होती.

‘‘दगुड बी काळा न्हाय पडला,’’ ती म्हणाली.

‘‘नाही. वरून काहीच कळत नाही. जे व्हायचं ते आत होतं.’’

तिथे गप्प बसले असते तर काम झालं असतं, हे मला कळत होतं. पण मला ते जमेना. ‘‘मावशी, एक मात्र आहे. ही वीज त्याच दिवसाची की त्याच्या आधीची, ते हा दगड सांगत नाही.’’

आत्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता ही छत्री घेऊन येते.

सासूने होकायंत्र माझ्या हातात दिलं. ‘‘दगुड कशाला सांगंल?’’ ती म्हणाली. ‘‘दगडाचं कोन गेलंय?’’

तेवढ्यात भिंतीपलीकडून ठोका आला. टण. एकच.

आम्ही चौघीही भिंतीच्या अलीकडे होतो. माझा हातोडा माझ्या पायाशी पडलेला होता. आत्याने माझं मनगट पकडलं. सून दचकून वळली आणि तिने आधी सासूकडे पाहिलं. इतक्या वर्षांत प्रथमच त्या दोघी एकमेकींच्या डोळ्यांत बघत असाव्यात. सासूच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. तिचे ओठ हलले, पण काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही.

सून मात्र घाबरली. तिने पटापट शेरडं वळवली आणि मागे न बघता उताराला लागली. तिचा पदर सुटला होता, तोही तिने सावरला नाही. तांब्या दगडापाशीच राहिला होता.

सासू काठीवर भार देऊन उठली. छाती भरून श्वास घेतला आणि सगळ्या माळावर घुमेल अशा आवाजात ओरडली, ‘‘सूनबाई! तांब्या ऱ्हायला गं!’’

सून जागच्या जागी थांबली. वळली नाही. तिचे खांदे कानांपर्यंत वर आले होते, पाठीत धोंडा बसणार असल्यासारखे. हाक भिंतीवर आपटून परत आली, मग तीही विरली. आत्याची नखं माझ्या मनगटात रुतली.

‘‘मागं बघ,’’ सासू म्हणाली. आता तिचा आवाज फुटला होता. ‘‘मी हाक मारलीया तुला. मागनं. बघ काय हुतंय का.’’

ती हळूहळू वळली. काही झालं नाही. एक शेरडू ओरडलं, आणि लांब कालव्यावर रहाट पुन्हा सुरू झाला. सासू तांब्या घेऊन उतारावरून तिच्याकडे चालायला लागली.

मी दगडावरून होकायंत्राची पेटी उचलली, आत्याने छत्री उचलली, आणि आम्ही दोघी मुद्दाम लांबच्या वाटेने परतलो. वाटेत आत्या रडत होती. मी तिला उन्हाबद्दल काहीतरी विचारलं आणि तिने उन्हाबद्दल काहीतरी उत्तर दिलं.

त्या संध्याकाळी थाळी वाजली नाही. सून दारात आली, चौकटीला धरून उभी राहिली आणि तिने मळ्याकडे तोंड करून दिराला हाक मारली, ‘‘भावजी, जेवाया या!’’ आवाज चिरका होता, मधेच तुटला. गोठ्यात म्हशीने मान वर केली. दीर हातातलं खोरं तसंच टाकून चिखलाच्या पायांनी धावत आला. घरात काहीतरी अघटित घडलं आहे, असंच त्याला वाटलं होतं.